दुर्बीण नॉर्मल आली, म्हणजे नेमकं काय काय बघितलं?

आपल्या खान्देशात पोटाचं काहीही असो, त्याचं पहिलं नाव पित्त. जळजळ झाली की पित्त, मळमळ झाली की पित्त, वजन उतरलं तरी "पित्तानं जेवणच जात नाही ना" म्हणून मोकळे. मेडिकलवरून सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी आणायची आणि ती महिनोन्महिने, काहींची तर वर्षानुवर्षं चालूच. मी जळगावला एका एंडोस्कोपी रूममध्ये सिस्टर आहे, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी (स्कोप) घालून जठर बघतात ती दुर्बीण जिथं होते तिथं, स्कोप धुण्यापासून बायोप्सीच्या, म्हणजे तपासायला घेतलेल्या तुकड्याच्या, बाटलीवर नाव टाकण्यापर्यंत सगळं करते, आणि चोपडा-यावलपासून शिरपूर-साक्रीपर्यंतची माणसं टेबलावर आडवी होताहोता हेच सांगतात, "माले काही नही व्हयेल ताई, पित्त शे फक्त." बहुतेकांचं खरंच तेवढंच निघतं. पण ज्यांचं तेवढंच नसतं त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण जठराचा कॅन्सर अगदी सुरुवातीला पकडायची सोय आता दुर्बिणीतच आलेली आहे आणि ती असते, ती कशी चालते, तिच्यासाठी आपण काय करायचं हे लोकांना कोणी सांगतच नाही.

आधी जठराची भिंत समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. तिला थर असतात. सगळ्यात आत अन्नाला लागणारं अस्तर, त्याला म्युकोसा म्हणतात, त्याच्या खाली सबम्युकोसा म्हणजे रक्तवाहिन्या आणि लिम्फच्या नळ्या जातात तो मऊ थर, मग स्नायू, आणि बाहेरून पातळ आवरण. जठराचा नेहमी आढळणारा कॅन्सर आतल्या अस्तरातल्या ग्रंथींमध्ये सुरू होतो आणि तिथून खाली उतरत जातो. तो पहिल्या दोन थरांत आहे तोपर्यंत त्याला अर्ली गॅस्ट्रिक कॅन्सर म्हणायचं, ही व्याख्या जपानी डॉक्टरांनी १९६२ साली केली आणि अजून तीच वापरतात. नुसत्या अस्तरात असेल तर लिम्फच्या गाठींमध्ये पसरलेला असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन, सबम्युकोसात उतरला की तीच पंधरा-वीसच्या घरात जाते. या टप्प्यावर पकडलेल्या पेशंटपैकी शंभरातले नव्वदच्या वर पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, हा जपानचा अनुभव आहे. आणि उशिरा पकडला, पसरल्यावर, तर हे गणित पूर्ण उलटं होतं. जगात २०२२ या एका वर्षात साधारण ९ लाख ६८ हजार लोकांना हा कॅन्सर निघाला आणि साडेसहा लाखांच्या वर लोक त्यानं गेले, यावरूनच कळतं की बहुतेक ठिकाणी तो किती उशिरा सापडतो.

उशीर का होतो? कारण सुरुवातीला तो दुखतच नाही. फार तर थोडं जड वाटतं, थोडी जळजळ, म्हणजे पित्तात आणि त्यात पेशंटला फरक करताच येत नाही, खरं सांगायचं तर नुसतं लक्षण ऐकून डॉक्टरलाही येत नाही. आणि इथंच ती सकाळची गोळी आडवी येते. ॲसिड कमी झालं की कॅन्सरमध्ये पडलेला अल्सरसुद्धा काही दिवस वरवर भरून येऊ शकतो, वर नवं अस्तर चढतं, दुखणं थांबतं, दुर्बीण टाकली तरी तो भाग साधा वाटू शकतो, आणि खाली आजार आहे तसाच. गोळी वाईट नाही हो, ज्याला गरज आहे त्यानं घ्यावीच, पण तपासणी न करता वर्षभर स्वतःच्या मनानं घेत राहणं हे मात्र मला रोज खटकतं.

आता दुर्बिणीत काय दिसतं ते. लोकांच्या मनात कॅन्सर म्हणजे गाठ, कॅमेरा आत गेला की समोर दिसणारच. वाढलेला दिसतो तसा, कोणालाही दिसेल. सुरुवातीचा मात्र सात-आठ मिलिमीटरचा एक चट्टा असतो, किंचित दबलेला, आजूबाजूपेक्षा जरासा लाल नाहीतर जरासा फिका, बस. असा दबलेला प्रकारच जठरात सगळ्यात जास्त. त्यात वर्षानुवर्षांच्या गॅस्ट्रायटिसनं, म्हणजे जठराच्या सुजेनं, सगळं जठरच लाल-पांढरं चट्ट्याचट्ट्याचं झालेलं असेल तर त्या गर्दीत हा एक वेगळा चट्टा ओळखायचा म्हणजे अवघडच. परदेशातले बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा असं दिसलं की अन्ननलिका आणि जठराचा कॅन्सर निघालेल्या शंभर पेशंटपैकी साधारण अकरा जणांची त्याआधीच्या तीन वर्षांत दुर्बीण झालेली होती आणि तेव्हा तो नजरेतून सुटला होता.  म्हणून "दुर्बीण नॉर्मल आली" हे वाक्य ऐकलं की मी मनात विचारते, कोणत्या प्रकाशात बघितली, किती वेळ बघितली, पोट स्वच्छ होतं का.

प्रकाशाचं आधी सांगते, कारण गेल्या वीस वर्षांत खरा बदल तिथं झालाय.

साध्या दुर्बिणीत पांढरा प्रकाश असतो, म्हणजे सगळे रंग एकत्र. त्यात अस्तर गुलाबी दिसतं आणि त्याच्या बारीक रक्तवाहिन्या त्या गुलाबीतच हरवून जातात. कॅन्सरच्या पेशी वाढताना रक्तपुरवठा ओढून घेतात, त्यामुळं त्या जागच्या केशवाहिन्या वेड्यावाकड्या होतात, जाड-बारीक होतात, मध्येच तुटल्यासारख्या थांबतात. हा बिघाड चट्टा मोठा होण्याच्या खूप आधीपासून असतो, फक्त पांढऱ्या प्रकाशात तो कळत नाही. मग युक्ती काय केली, तर सगळे रंग सोडून फक्त दोन अरुंद पट्टे वापरले, ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि ५४० च्या आसपासचा हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन हे दोन रंग भरपूर शोषून घेतं, म्हणजे जिथं रक्त आहे तिथं प्रकाश परत येत नाही आणि ती जागा गडद दिसते. निळा प्रकाश खोल शिरत नाही, वरच्या थरातूनच परततो, त्यामुळं अगदी वरच्या केशवाहिन्या स्क्रीनवर तपकिरी उठून दिसतात. हिरवा थोडा खोल जातो आणि खालच्या जाड शिरा निळसर-हिरव्या दाखवतो. यालाच नॅरो बँड इमेजिंग म्हणतात, रूममध्ये सगळे एनबीआय म्हणतात. जपानच्या नॅशनल कॅन्सर सेंटरच्या डॉक्टरांनी ओलिंपस कंपनीबरोबर यावर १९९९ च्या सुमारास काम सुरू केलं आणि २००५ नंतर ते मशीनमध्ये मिळायला लागलं. पेशंटला यात काहीच वेगळं नाही, वेगळं इंजेक्शन नाही, डाय म्हणजे रंग फवारणं नाही, डॉक्टरच्या हातातल्या स्कोपवर एक बटण असतं ते दाबलं की स्क्रीनचा रंग बदलतो.

आपल्याकडं केळीवर करपा यायला लागतो तेव्हा पहिल्यांदा पानावर नुसत्या बारीक फिक्या पिवळ्या रेषा असतात, बांधावरून बघितलं तर बाग हिरवीगार, पान हातात घेऊन उजेडाकडं धरलं तरच कळतं की सुरुवात झालीय. एनबीआय म्हणजे ते पान उजेडाकडं धरणं आहे.

एक प्रसंग सांगते म्हणजे नीट लक्षात येईल. एका आजोबांची दुर्बीण चालू होती, तक्रार तीच, जेवल्यावर जड वाटतं. जठराच्या आतल्या वळणाला, आम्ही त्याला इन्सिसुरा म्हणतो, त्याच्या थोडं वर फेस जमला होता. डॉक्टर म्हणाले धुवा, मी सिरिंजनं पाणी सोडलं, फेस गेला, खाली एक फिका डाग. मला वाटलं जुन्या अल्सरचा वण असेल. त्यांनी बटण दाबलं, स्क्रीन हिरवट-तपकिरी झाली, आणि त्या डागाला एकदम कड आली. बाहेर सगळीकडं अस्तराची एकसारखी बारीक नक्षी, आणि कडेच्या आत ती नक्षी पुसलेली, तिथल्या रक्तवाहिन्या कशाही वळलेल्या. डॉक्टर काही बोलले नाहीत, कॅमेरा आणखी जवळ नेला, फोटो काढत राहिले, मग मला बायोप्सीचा फोर्सेप, म्हणजे तुकडा घ्यायचा चिमटा, मागितला. दोनच तुकडे घेतले, पण बरोबर त्या कडेच्या आतून. पांढऱ्या प्रकाशात घेतले असते तर कुठून घेतले असते कोण जाणे. रिपोर्ट कॅन्सरचा आला, अस्तरातला.

ही जी कड मी म्हणतेय तिच्यावरच सगळी पद्धत उभी आहे. फुकुओकाच्या केन्शी याओ या डॉक्टरांनी जठरासाठी ती नीट मांडली आणि २०१६ मध्ये जपानमधल्या संघटनांनी तिचा सोपा क्रम ठरवून दिला. स्कोपला मोठं करून दाखवणारी लेन्स असते, ऐंशी ते शंभर पट, ती जवळ न्यायची आणि आधी बघायचं की संशयाच्या जागेला आजूबाजूपासून वेगळी करणारी स्पष्ट सीमा आहे का. नसेल तर कॅन्सर नाही असं धरायचं. सीमा असेल तर दुसरा प्रश्न, आत केशवाहिन्या किंवा अस्तराची नक्षी, दोन्हीपैकी एक तरी बिघडलीय का. बिघडली असेल तर कॅन्सर धरून चालायचं आणि बायोप्सी घ्यायची. लहान दबलेल्या चट्ट्यांवर जपानमध्ये २०११ साली याची परीक्षाच घेतली, पांढऱ्या प्रकाशात कॅन्सर आहे की नाही हा निर्णय साधारण ६५ टक्के वेळा बरोबर आला, एनबीआय आणि मॅग्निफिकेशननं ९० टक्के, आणि आधी पांढऱ्यात बघून मग याच्यात बघितलं तर ९७ च्या जवळ.

आता यावरून कोणी म्हणेल की मग सुरुवातीपासूनच एनबीआय लावून का बघत नाहीत. तेही करून बघितलंय. साडेचार हजारांवर जोखमीच्या पेशंटवर जपानमध्ये तुलना झाली, निम्म्यांना पांढरा, निम्म्यांना नव्या पिढीचा एनबीआय, तर सुरुवातीचा कॅन्सर सापडायचं प्रमाण १.९ आणि २.३ टक्के निघालं, म्हणजे फरक आहे असं म्हणण्याइतका फरक नाही. कारण जठर मोठं आहे, फुगवलं की एक पिशवीच, आणि त्या अरुंद प्रकाशात लांबचं अंधारं दिसतं. म्हणून शोधायचं पांढऱ्या प्रकाशात, आणि संशय आला की जवळ जाऊन एनबीआयमध्ये ओळखायचं. शोधणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत, जाहिरातीत ती एक करून सांगतात.

शोधायच्या कामासाठी पण आता वेगळा प्रकाश आलाय, फुजिफिल्मच्या मशीनमध्ये एलसीआय म्हणून असतो, लिंक्ड कलर इमेजिंग. तो पुरेसा उजेड ठेवतो आणि लालाला अजून लाल, फिक्याला अजून फिकं करतो, म्हणजे रंगातला जो फरक डोळ्याला जेमतेम कळला असता तो ठळक होतो. कॅन्सरची जागा नारिंगी-लाल आणि आजूबाजूचं बदललेलं अस्तर जांभळट, असं पुष्कळदा दिसतं. जपानमध्ये १५०२ पेशंटवर याचा अभ्यास झाला, घसा, अन्ननलिका, जठर मिळून कॅन्सर किंवा तशी वाढ पांढऱ्या प्रकाशात ४.८ टक्के लोकांत सापडली, एलसीआयमध्ये ८ टक्के. हा फरक मोठा आहे. त्याच कंपनीचा बीएलआय हा एनबीआयसारखा, पेंटॅक्सचा आय-स्कॅन म्हणून असतो. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, एवढंच कळलं तरी पुरे की दुर्बिणीत पांढऱ्याशिवाय दुसरा प्रकाश असतो आणि "तो वापरता का" हे विचारायला लाजायचं कारण नाही.

आणि ज्या ठिकाणी यातलं काही नाही तिथंही हातावर हात धरून बसायची गरज नाही. इंडिगो कार्मिन नावाची निळी डाय असते, ती अस्तरावर फवारली की खाचाखोचांत साचते आणि उंच-सखल भाग उघड होतो, चट्ट्याची कड निळ्यात दिसते. खूप जुनी पद्धत आहे, स्वस्त आहे, आणि चांगल्या हातात अजूनही भारी काम करते. मॅग्निफाइंग स्कोप महाग, तो आपल्याकडं सगळीकडं मिळणार नाही, पण एनबीआय किंवा तसलं बटण असलेली मशीनं आता आपल्याकडंही आलीत. बटण असून ते दाबलं जात नाही हे जास्त वाईट.

बटणापेक्षाही वेळ आणि स्वच्छता महत्त्वाची आहे, आणि हे मी स्वतः रोज बघत असल्यामुळं जरा जास्तच सांगणार आहे.

जठरात चिकट थर असतो आणि फेस असतो. सात मिलिमीटरचा चट्टा एका बुडबुड्याखाली आरामात लपतो. म्हणून दुर्बिणीच्या दहा-वीस मिनिटं आधी सिमेथिकोन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन घातलेलं थोडं पाणी प्यायला देतात, एकानं फेस फुटतो, दुसऱ्यानं चिकटा सुटतो. खर्च अगदी किरकोळ. पेशंट कुरकुर करतात, "उपाशी बोलावलं आणि आता पाणी पाजता," पण ते पाणी पिऊन आलेल्या माणसाचं पोट आणि न पिता आलेल्याचं, दोन्ही मी रोज स्क्रीनवर बघते, जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसरं म्हणजे हवा. जठराला आतून मोठ्या घड्या असतात, हवा भरून ते फुगवलं नाही तर त्या उघडत नाहीत आणि दोन घड्यांच्या मधलं काहीच दिसत नाही. पेशंट त्याच वेळी ढेकर देतो, हवा जाते, घड्या परत मिटतात. मी कानाशी जाऊन सांगत असते, आबा, ढेकर दाबा, नाकानं श्वास घ्या, लाळ बाहेर येऊ द्या, गिळू नका. ज्याला फारच त्रास होतो त्यानं झोपेचं इंजेक्शन मागावं, त्यात कमीपणा नाही, उलट माणूस शांत असेल तर डॉक्टरला नीट बघता येतं. मग सोबत एक माणूस आणा आणि त्या दिवशी गाडी चालवू नका एवढंच.

वेळेबद्दल सिंगापूरचा अभ्यास आहे, २०१५ चा. जे डॉक्टर एका दुर्बिणीला सरासरी ७ मिनिटांपेक्षा जास्त वेळ देत होते त्यांना कॅन्सर किंवा कॅन्सरच्या वाटेवरचे बदल घाईत करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट सापडले. मशीन तेच, फक्त वेळ जास्त. याओ यांनीच एक शिस्त घालून दिलीय, जठराच्या ठरलेल्या जागांचे २२ फोटो काढायचेच, पुढून, मागून, स्कोप आत वळवून वरचा भाग, म्हणजे कोणता कोपरा बघायचा राहिला असं होत नाही. आपल्याकडं सरकारी दवाखान्यात बाहेर बाकावर माणसं खच्चून बसलेली असतात, एकच डॉक्टर, एकच स्कोप, प्रत्येकाला सात मिनिटं कशी देणार, मला ते कळतं. पण मग निदान ज्याला जोखीम जास्त आहे त्याला तरी तेवढा वेळ मिळाला पाहिजे, आणि जोखीम आहे हे डॉक्टरला कळायला पेशंटनं आधी सांगायला पाहिजे. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कोणाला जठराचा कॅन्सर होता का हा प्रश्न मी फॉर्म भरताना विचारते तेव्हा निम्मी माणसं "नाही" म्हणतात आणि मग बाहेर निघताना सांगतात की वडील पोटाच्या गाठीनंच गेले.

जोखीम कशानं येते? सगळ्यात मोठं कारण एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी, आपण एच पायलोरी म्हणू. ॲसिडमध्ये जंतू राहूच शकत नाही असं डॉक्टर लोक मानायचे, पण ऑस्ट्रेलियात पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो जठरात दाखवला, लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शलनं १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं, आणि त्याआधी १९९४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं या जंतूला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात टाकलं. बहुतेकांना तो लहानपणीच घरातून लागतो आणि वर्षानुवर्षं राहतो. भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत तो असतो आणि तरी आपल्याकडं जठराचा कॅन्सर जपान-कोरियापेक्षा बराच कमी आहे, देशात सगळ्यात जास्त मिझोराममध्ये. म्हणजे जंतू असला की कॅन्सर होतोच असं अजिबात नाही, घाबरू नका.

जंतू करतो काय, तर आधी कायमची सूज, मग अस्तर झिजतं, मग झिजलेल्या जागी जठराच्या अस्तराऐवजी आतड्यासारखं अस्तर उगवतं, मग त्यातल्या काही पेशी बिघडतात, आणि शेवटी काहींच्यात कॅन्सर. या प्रवासाला दहा-वीस-तीस वर्षं जातात. बायोप्सीच्या रिपोर्टवर हेच शब्द येतात आणि लोक गुगल करून रडत येतात: क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणजे सूज, ॲट्रोफी म्हणजे झीज, इंटेस्टायनल मेटाप्लेझिया म्हणजे ते आतड्यासारखं अस्तर, डिस्प्लेझिया म्हणजे पेशी बिघडायला लागल्यात. नेदरलँड्समध्ये हजारो लोकांचे जुने रिपोर्ट धरून पुढं बघितलं, तर मेटाप्लेझिया असलेल्यांना वर्षाला हजारात दोन-तीन जणांना कॅन्सर निघाला, ॲट्रोफीवाल्यांना हजारात एक. म्हणजे मेटाप्लेझिया वाचून हातपाय गाळायचे नाहीत आणि फाईल कपाटात टाकून विसरायचंही नाही. युरोपच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे झीज किंवा मेटाप्लेझिया जठराच्या खालच्या आणि वरच्या दोन्ही भागांत पसरलेला असेल तर दर ३ वर्षांनी चांगली दुर्बीण, घरात कोणाला हा कॅन्सर असेल तर त्याहून लवकर. डिस्प्लेझिया आला तर मात्र थांबायचं नाही, मोठ्या सेंटरला जायचं.

या बदललेल्या अस्तरालाही एनबीआय ओळखतं. मेटाप्लेझियाच्या जागी पेशींच्या कडांवर बारीक फिक्या निळ्या रेषा चमकतात, जपानी डॉक्टरांनी २००६ मध्ये ही खूण सांगितली. आणि उलट, जंतू नसलेल्या निरोगी जठरात जवळून बघितलं की एकसारख्या अंतरावर बारीक लाल ठिपके दिसतात, ती छोट्या शिरांची तोंडं असतात. ते दिसलं की रूममध्ये सगळेच जरा सैल होतात.

एआयचं पण विचारतात लोक आजकाल. २०१८ मध्ये जपानमध्ये कॉम्प्युटरला हजारो फोटो शिकवून मग २२९६ फोटो दाखवले, त्यानं ४७ सेकंदांत ७७ पैकी ७१ कॅन्सर ओळखले. हे थक्क करणारं आहे. पण त्याच वेळी त्यानं कॅन्सर नसलेल्या १६१ जागांवरही बोट ठेवलं. मला वाटतं त्याचा खरा उपयोग आपल्यासारख्या ठिकाणी होईल, दमलेल्या डॉक्टरला "हा कोपरा राहिला" म्हणून आठवण करून द्यायला. पण फेसाखालचं त्यालाही दिसणार नाही.

लवकर सापडला तर पुढं काय, तर पोट न फाडता काढता येतो. ईएसडी म्हणतात त्याला. दुर्बिणीतूनच चट्ट्याच्या चारी बाजूंनी खुणा करतात, खाली औषधी पाणी टोचून तो भाग उचलतात आणि बारीक विजेच्या सुरीनं सबम्युकोसातून तो अख्खा एका तुकड्यात सोलून काढतात. जठर जागेवरच राहतं, काही दिवसांत घरी. अस्तरापुरता, पेशी फार बिघडलेल्या नाहीत अशा प्रकारचा, अल्सर नसलेला आणि २ सेंटीमीटरपर्यंतचा चट्टा याला सगळ्यात योग्य, पुढं अनुभवी सेंटरमध्ये त्याहून मोठेही काढतात. रक्तस्राव किंवा भोक पडायचा धोका असतो, म्हणून हे ज्याचा हात बसलाय त्याच्याकडंच करायचं, आपल्याकडून मुंबई-पुण्याला पाठवतात, नंदुरबारकडची माणसं सुरतही बघतात. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीत पूर्ण तपासतात, खोल गेला असेल तर मग ऑपरेशन.

आता सरसकट सगळ्यांनी उद्या दुर्बीण करायची का? नाही. जपानमध्ये २०१६ पासून पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीत दुर्बीण मिळते, कोरियात चाळिशीपासून, कारण तिथं हा कॅन्सरच तेवढा आहे. आपल्याकडं तशी गरज सगळ्यांना नाही. पण चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची तक्रार सुरू झाली, वजन उतरतंय, दोन घास खाल्ले की पोट भरतं, गिळताना अडकतं, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, कारण नसताना हिमोग्लोबिन कमी, यातलं काही असेल तर गोळी बदलत बसू नका, सरळ दुर्बीण करा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, ते डॉक्टरला सांगा. आणि तिखटाचं विचारतात सगळे. शेवभाजीच्या तर्रीनं, ठेच्यानं जळजळ होते हे खरं, पण तिखटानं जठराचा कॅन्सर होतो असं पक्कं ठरलेलं नाही. मिठाचं आणि बिडी-सिगारेटचं मात्र ठरलेलं आहे. रोजच्या ताटात लोणचं, पापड, खारवलेलं किती जातं ते बघा, ठेच्यातलं मीठ बघा. तंबाखू-गुटखा तोंडाला आणि अन्ननलिकेला आधीच घातक आहे.

घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कॅन्सर झालेला असेल तर एच पायलोरीची तपासणी करून घ्या, दुखत नसलं तरी. कोरियात अशाच घरांतल्या १६०० वर लोकांवर अभ्यास झाला, जंतूचा उपचार केलेल्यांत साधारण नऊ वर्षांत १.२ टक्के लोकांना कॅन्सर निघाला, न केलेल्यांत २.७ टक्के. तपासणी दुर्बिणीतल्या तुकड्यावर होते, श्वासाची होते, शीची होते. फक्त ॲसिडची ती सकाळची गोळी त्याआधी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद पाहिजे, नाहीतर जंतू असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. बंद करायच्या आधी डॉक्टरला विचारा, रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर काहींना ती द्यावीच लागते. जंतू निघाला तर साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो, दिवसाला मूठभर गोळ्या, तोंड कडू होतं, पोट बिघडतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका, अर्धवट घेतला की जंतू औषधाला दाद देईनासा होतो. आणि कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी परत तपासून घ्या, जळजळ थांबली म्हणजे जंतू गेला असं नसतं.